जजला उठवायचा वार

"हिवाळ्यात रविवारी सकाळी त्या घरात थांबू नकोस. चर्चला जात जा. देवावर विश्वास नसला तरी जा," ओलीटा मला म्हणाली होती. ओलीटा म्हणजे माझी सासू. सासऱ्यांना सोडून ती कधीचीच टेनेसीला बहिणीकडे राहायला गेली होती, आणि बाळ यायच्या आधी बायका जमतात, लंगोट नि झबली भेट देतात, त्या दिवसापुरती आली होती. माझ्यासमोर बसून इवल्या मोज्यांच्या जोड्या लावता लावता, वर न बघता म्हणाली. मी हसले. "पाद्रीबुवांचं प्रवचन इतकं छान असतं का हो?" "प्रवचन खड्ड्यात गेलं. तिथं दारं सारखी उघडतात," ती म्हणाली, आणि पुढचा मोजा उचलला. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकलेली. एक बाई, तिचा नवरा आणि नवऱ्याची नारिंगी गाडी, अशी तीन टोकांची आकृती मी तिथल्या तिथं मनात काढली, तिच्याखाली 'मत्सर' असं लिहिलं आणि केकचा तुकडा खाल्ला. केक लिंबाचा होता. एवढं स्पष्ट आठवतं, की अजून जिभेवर येतो.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी स्वयंपाकघराच्या सगळ्यात खालच्या खणात बाटली धुवायचा ब्रश शोधत होते. खणातून चिवचिव ऐकू आली. एकदाच. मी हात मागे घेतला, पिल्लू चिरडलं की काय असं वाटून. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा तसंच, दबलेलं, कापडातून आल्यासारखं. ओव्हनचे जाड हातमोजे, नाताळातले मेणबत्त्यांचे तुकडे, आणि त्याच्याखाली टॉवेलात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी. मी टॉवेल सोडला. पांढरी गोल चकती. सेल संपत आला होता म्हणून ती शेवटची ओरडत होती. ही चकती मी स्वतः दुकानातून आणली होती, स्वतः खुर्चीवर चढून नेलच्या खोलीत लावली होती. कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू खोलीत साचला तर ओरडणारी. त्या वायूला वास नाही, रंग नाही. आणि नेल, माझी मुलगी, जेमतेम रांगायला लागलेली. तिची खोली गॅरेजच्या बरोबर वर. मी टॉवेल तसाच टाकून वर पळाले. भिंतीवर पांढरी गोल चकती होती. तिचा हिरवा दिवाही लागलेला होता. रोज दिवा मालवताना मी त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होते आणि निवांत होत होते. खुर्ची ओढली, चढले, चकती काढून उलटी केली. ही पॅसेजमधली होती, धुराची. पाव जळला तर ओरडते. या वायूचं तिला काहीही कळत नाही.

गॅरेट, माझा नवरा, कामावरून आल्या आल्या मी ती टॉवेलातली चकती त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्यानं आधी टोपी काढली, मग हात धुतले. फार नीट धुतले.

"अगं, हे होय. कोकलायचं ना रविवारी. बाबांचं डोकं उठायचं."

"बाबांचं डोकं उठायचं?"

"आवाजानं गं. ते खाली गॅरेजात गाडीच्या इंजिनाचा आवाज ऐकत असतात. त्यात हे मध्येच."

"आणि वर भिंतीवर लावलंयस ते?"

"तुझ्या समाधानासाठी. तू रोज बघतेस ना तिकडं." त्याचा चेहरा अगदी भेटवस्तू दिल्यासारखा होता. "पहिल्यांदा वाजलं तेव्हा तू न्हाणीत होतीस, नळ सोडून. मीच पळत वर गेलो, काढलं. कानठळ्या बसत होत्या."

"आणि नेल?"

"झोपली होती."

"ते वाजत होतं आणि ती झोपली होती?"

"ढिम्म हलली नाही! किती गुणाची पोर आहे बघ."

मला ते वाक्य अजून पुरतं ऐकू आलेलं नाही. म्हणजे कानात गेलंय, पण खाली उतरत नाही. कारण हा त्या घरातला सगळ्यात लाडका विनोद होता. रविवारी सकाळी जज सुरू झाला की नेल झोपते. सासरे येईल त्याला सांगायचे, "माझी नात जजचीच लेक! आठ सिलिंडरचं अंगाईगीत लागतं तिला." आणि मी त्या विनोदावर हसत होते. नुसती हसत नव्हते, त्या झोपेची वाट बघत होते. आठवडाभर रात्रंदिवस कडेवर असलेलं मूल रविवारी सकाळी निपचित झोपे, मी न्हाणीतल्या टबात गरम पाणी सोडून बसे, आणि घराच्या खालून तो आवाज वर येई. आधी खोकल्यासारखा, मग घसा साफ करून बोलायला लागलेल्या माणसासारखा, मग जमिनीतून, नळातून, माझ्या मणक्यातून. पाणी थरथरायचं. पाण्यावर बारीक वर्तुळं उठायची आणि मी त्यांच्याकडे बघत राहायचे. डोकं जड व्हायचं. मला वाटे, हाच विसावा. बाळंतपणानंतर प्रथमच अंग सैल पडतंय. दुपारी कपाळ ठणकायचं तर गॅरेट म्हणे, कॉफी जास्त झाली. सासरे म्हणत, शिकलेल्या बायकांचं डोकं दुखतंच, आत बरंच भरलेलं असतं. ते मला 'कॉलेज' म्हणूनच हाक मारत. "काय गं कॉलेज, बेकन झालं का?"

जज म्हणजे ती गाडी. पॉन्टिअॅक जीटीओ, एकोणसत्तरची, 'जज' नावानं निघालेली, वरून उघडी. तशा उघड्या त्या साली अगदी मोजक्या निघाल्या. रंग पिकलेल्या संत्र्याचा, बाजूनं पट्टे, मागे शेपटासारखी फळी. नाव बाप्याचं, पण सासरे तिला 'ती' म्हणायचे. ती आज खूश आहे, तिला आज गार लागलंय. व्हर्लिन स्टँपर, माझे सासरे, त्यांचे वडील केंटकीच्या खाणींतून इथं मिशिगनला कारखान्यात आले, आणि व्हर्लिन त्याच कारखान्यात दरवाजे बसवायचे. "ही माझ्या हाताखालून गेलेली असणार," ते म्हणत, "ही मला ओळखते." ओहायोतल्या एका गोठ्यात ती त्यांना उंदरांच्या घरट्यांसकट सापडली. कारखाना पुढे पाडला गेला, आता तिथं नुसतं गवत आहे. तेव्हा त्या माणसाला एक तरी गोष्ट जपावीशी वाटली यात गैर काय, असं मीही म्हणत असे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी मला शेजारी बसवून वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत नेलं होतं. फुटपाथवर लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते, म्हातारे उठून उभे राहत होते, टोप्या काढत होते. माझे केस तोंडात जात होते आणि मी ओरडत होते, आनंदानं. ते मी नाकारत नाही. ती गाडी सुंदर होती. सुंदर आहे.

पण हिवाळ्यात इथं रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ वितळायला. त्या मिठानं पत्रा कुजतो. इथल्या माणसांना जुन्या गाडीच्या बाबतीत आगीची भीती नाही, चोराची नाही, मिठाची आहे. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल जज गॅरेजातून बाहेर पडायचा नाही. पण इंजिन नुसतं पडून राहिलं तर आतून गोठतं, अशी यांची श्रद्धा. म्हणून दर रविवारी त्याला उठवायचं. 'जजला उठवायचंय' हे वाक्य त्या घरात 'जेवायला बसायचंय' इतकं साधं. उठवायचं, आणि गॅरेजचं मोठं दार वर करायचं ते जेमतेम हातभर, कारण जास्त उघडलं तर वाऱ्याबरोबर मीठ आत येईल. गारठलेलं इंजिन, त्याला पहिला बराच वेळ पेट्रोल जास्त लागतं, ते पुरतं जळत नाही. गॅरेजात गोडसर, जिभेवर चढणारा वास. व्हर्लिन आणि त्यांचा मित्र हार्लन घडीच्या खुर्च्यांवर कॉफी घेऊन बसायचे, डोळे मिटून. आणि आत, एका पातळ दारापलीकडे, न्हाणीतून उठून आल्यावर मी त्यांच्यासाठी बेकन तळत असायचे, डोक्यावर धूर ओढणारा पंखा लावून. तो पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, मग घर कुठून तरी हवा आत ओढतंच. गॅरेजातून. दाराच्या फटीतून. वरच्या खोलीच्या फरशीतून. मला एवढं भौतिकशास्त्र येत होतं! मला हे येत होतं, आणि मी पंखा लावून बेकन परतत होते.

त्या सोमवारी संध्याकाळीच मी नेलला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई भली होती. तिनं बोटातून रक्त घेतलं, नेलनं भोकाड पसरलं, मला त्या रडण्याचा इतका आनंद झाला की मीच रडले. रक्तात काही नव्हतं. "तो वायू काही तासांत उतरतो," ती म्हणाली, "रविवारी आणली असतीत तर आकडा मिळाला असता." नेलच्या नावापुढे कागदावर 'सामान्य' असं छापून आलं. तो कागद घेऊन मी घरी आले ती हरूनच आले, कारण त्या घरात आकड्याशिवाय कशालाही किंमत नव्हती.

हे सांगायलाच हवं. मागच्या शरदात एक तज्ज्ञ आला होता, कोट घातलेला, हातात दांडीला लावलेला छोटा आरसा. अशा गाड्यांचं सगळं मोल 'आकडे जुळण्यात' असतं. इंजिनावर ठोकलेला आकडा, गिअरपेटीवरचा, सांगाड्यावरचा, सगळे एकाच गाडीचे, जन्मापासूनचे. एक बदललेला निघाला की ती गाडी उरत नाही, नुसती जुनी गाडी होते. तो माणूस पाठीवर झोपून आत सरपटला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचू लागला. व्हर्लिन ओठ हलवत होते, जपासारखे. शेवटचा आकडा जुळला तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून रडले. गॅरेटनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या बाळंतपणात तेवीस तास कळा दिल्यावर माझ्या पाठीवर तो हात नव्हता असं मी म्हणत नाही. होता. पण तो असा नव्हता.

मंगळवारी हार्लनही आलेला होता. मी दोघांसमोर उभी राहिले. मागणं साधं होतं. नुसती एक रबरी नळी. गाडीच्या धुराड्याला जोडायची, दाराखालून बाहेर सोडायची.

"नळी?" व्हर्लिन म्हणाले. "धुराड्याच्या तोटीवर चिमटा बसवायचा? चरे पडतील, पोरी. मूळच्या तोट्या आहेत त्या."

"मग दार पूर्ण उघडा."

"मीठ."

"मग ढकलून अंगणात न्या आणि तिथं सुरू करा."

"अंगणात काय आहे? मीठ!" हार्लन खो खो हसला. "व्हर्लिन, सुनेला सांग, मीठ काय असतं ते. स्वयंपाकातही विसरते ती."

"व्हर्लिन, तुमची नात बेशुद्ध पडत होती. झोपत नव्हती, बेशुद्ध पडत होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. वाईट माणसाची नजर नव्हती ती. वाईट असती तर सोपं झालं असतं. "कागद काय म्हणतो?"

"कागद सोमवारचा आहे."

"कागद म्हणतो, पोर ठणठणीत आहे. हे बघ कॉलेज, मी या धुरात आयुष्य काढलं. गॅरेट याच धुरात वाढला. मेलं का कोणी?"

"ओलीटाला मायग्रेन होतं ना?" मी विचारलं. "दर रविवारी?"

हार्लनचं हसू थांबलं. व्हर्लिननी कॉफीचा कप खाली ठेवला. "ओलीटाला मी आवडत नव्हतो," ते म्हणाले, "त्याचं ते डोकं दुखणं होतं." आणि मला दिसलं की हे ते मनापासून मानतात. वर्षानुवर्षं. त्या बाईनं डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि यांनी ते स्वतःवरच्या प्रेमाचं मोजमाप म्हणून ऐकलं. आणि मी? मीही आकृती काढली होती.

रात्री गॅरेट म्हणाला, "रविवारी तू नेलला घेऊन बाहेर जात जा ना. वाचनालयात जा, मॉलमध्ये जा. एवढंच तर आहे." तो माझा हात चोळत होता. तडजोड सुचवणाऱ्या माणसाचा हात किती ऊबदार असतो! "एवढंच." मला एकदम दिसलं, की मी तापमान उतरलेल्या सकाळी मूल गुंडाळून मॉलच्या बाकावर बसलेय, माझ्याशेजारी चर्चच्या कपड्यांतली एक तरुण ओलीटा बसलीय, आणि आमच्यासारख्या किती तरी, आपापल्या घरातून एका गाडीसाठी बाहेर काढलेल्या. गाडीचा एक स्क्रू बदलायचा नाही. बायका बदलल्या तरी चालतात. मूल थोडं मंद निघालं तर सांगतील, आईकडून आलंय. तोटीवर चरा पडला तर मात्र तो कायमचा.

रविवार आला. मी नेलला बर्फातले कपडे चढवले, माझ्या मोटारीत तिच्या खुर्चीत बांधलं, मोटार अंगणात सुरू ठेवली, काच थोडी खाली. मग घरात परत आले. खाली जज घसा साफ करत होता. मी स्वयंपाकघरातून गॅरेजचं दार उघडलं. निळसर हवा, त्यात ते दोघं डोळे मिटून, आणि गॅरेट गाडीच्या नाकावर झुकलेला, कान लावून. कोणी वर पाहिलं नाही. भिंतीवर मोठ्या दाराचं बटण आहे. मी ते दाबलं.

दार कण्हत कण्हत वर गेलं, पूर्ण. बाहेर वारा होता, त्या दिवशी घोंघावतच होता. रस्त्यावरून तेवढ्यात बर्फ लोटणारा ट्रक गेला आणि त्याच्या चाकांखालचा राखाडी खारट चिखल फवाऱ्यासारखा उडाला, त्यातला थोडा आत आला. फार नाही. संत्र्याच्या रंगावर ठिपके. व्हर्लिन किंचाळले. माणूस असा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. "पुसा! पुसा रे! बंद कर ते, बये, बंद कर!" गॅरेटनं अंगातला शर्ट काढला. त्या थंडीत, उघड्या अंगानं, तो गाडीचं दार पुसू लागला, हलक्या हातानं, गोल गोल, आंघोळीनंतर नेलला पुसतो अगदी तसा. मी वाट बघितली. खरंच बघितली. मला वाटलं, पुसून झाल्यावर हा वर बघेल. अंगणात मोटार सुरू आहे, तिच्यात कोण आहे ते विचारेल. तो वाकून तोटी पुसायला लागला.

तेव्हापासून मी मार्केट नावाच्या गावी आईकडे आहे, सुपिरिअर तळ्याच्या काठी, जिथं तळ्यावरचा वारा घरातून आरपार जातो आणि आई म्हणते, खिडकी लाव गं, आणि मी लावत नाही. नेल आता उभी राहते. रविवारी ती पहाटेच उठून घर डोक्यावर घेते. मला याचा आनंद मानून गप्प बसता आलं असतं.

पण मध्यंतरी शॉनाचा फोन आला. शॉना म्हणजे गॅरेटची धाकटी बहीण. तिचा मित्र तिला सोडून गेला, आणि ती तान्हं बाळ घेऊन बापाकडे राहायला आली. मी गेले म्हणून वरची खोली रिकामी झाली होती. "बाबांनी लगेच दिली बघ," ती म्हणाली. "घरातली सगळ्यात ऊबदार खोली."

मी तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, मधूनमधून बाळाला थोपटत. "कायसा," ती मला नावानं हाक मारून म्हणाली, "रागावू नकोस, पण तू आहेसच थोडी घाबरट. गॅरेट म्हणतो, तू छपराला लटकणाऱ्या बर्फाच्या सुळ्यांनाही घाबरायचीस."

"शॉना, चकती लाव. मी पाठवते."

"बाबांना आवडत नाही गं ते. आधीच त्यांच्या जिवावर राहतेय." मग आवाज खाली आणून, हसत, "पण तुला म्हणून सांगते. रविवारी सकाळी मळमळतं मला. एकदा ओकलेपण. मेलं, पुन्हा दिवस गेले की काय! शक्यच नाही म्हणा, कुठून जाणार?" आणि ती हसत सुटली, आणि मागे बाळ हसण्यानं दचकून रडायला लागलं.

मी त्या भागातल्या अग्निशमनवाल्यांना फोन केला. ते गेले, आठवड्यातल्या मधल्या दिवशी. गाडी गार होती. त्यांनी घर तापवायची भट्टी तपासली, यंत्र लावलं, शून्य आलं. शॉनानं मला फोटो पाठवला. चार धिप्पाड माणसं, जजभोवती, एकाचा हात नारिंगी पत्र्यावर, आणि मध्ये माझा सासरा, राजासारखा. मी चकती टपालानं पाठवली. पोचल्याचं कळलं, पुढे काही कळलं नाही. गॅरेट फोन उचलतो तेव्हा म्हणतो, तू परत ये, मग आपण बोलू. मी कोर्टात विचारलं, पोलिसांत विचारलं. ते विचारतात, मूल तुमचं आहे का? घर तुमचं आहे का? नाही. माझं त्यात काहीच नाही. एकदा होतं, तेव्हाही नव्हतं.

म्हणून हे लिहितेय. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असेल, कामानिमित्त जात असेल, तर एक करा. पॉन्टिअॅक गावाच्या उत्तरेला, तळ्याच्या वळणावर हिरव्या छपराचं घर आहे, पुढे टपालपेटीचा वाकलेला खांब. रविवारी सकाळी जा. बाकी दिवशी जाऊन उपयोग नाही. मोठं दार हातभर उघडं असेल, तिकडे जाऊ नका, ती माणसं तुम्हाला गाडी दाखवायला आत घेतील आणि तुम्हीही बघत बसाल. पुढच्या दारानं जा. बेल ऐकू जायची नाही, मुठीनं वाजवा. शॉना म्हणून हाक मारा. ती उतरून आली तर बाळाला बाहेर घेऊन यायला सांगा, थंडी असली तरी. हसेल ती, बोलायला लागेल. बोलू द्या, अंगणातच बोलू द्या, जितका वेळ बोलेल तितका वेळ.

आणि ती आलीच नाही, तर दाराच्या डाव्या हाताला खिडकी आहे. साधी काच आहे. फोडा.